थांबण्याची किंमत

हात थरथरला तरी फोटो स्थिर यावा अशी सोय ज्या फोनच्या कॅमेऱ्यात असते, तो फोन कॅमेरा बंद असताना कानाजवळ हलकेच हलवून पाहावा. काही मॉडेलांमध्ये आतून बारीक खुळखुळ ऐकू येते. तुटलेलं काही नसतं. कॅमेऱ्याचं भिंग आत मोकळं सोडलेलं असतं, ते सरकून कडेला आपटतं इतकंच. कॅमेऱ्याचं ॲप उघडलं की खुळखुळ बंद होते. त्या क्षणापासून तांब्याच्या बारीक कॉइलमधला विद्युतप्रवाह भिंगाला मधोमध धरून ठेवू लागतो आणि त्याची किंमत बॅटरी मोजू लागते.

भिंग, आरसा, लोलक किंवा कॅमेऱ्याचा सेन्सर यांपैकी काहीही मोजूनमापून हलवणाऱ्या यंत्रणेला ॲक्चुएटर म्हणतात. फोनमध्ये तो नखाएवढ्या जागेत बसतो. मोठ्या दुर्बिणींमध्ये असे शेकडो ॲक्चुएटर आरशाच्या पाठीशी उभे असतात. कमी विजेवर चालणारा ॲक्चुएटर बनवायचा तर आधी चांगली मोटर शोधायला हवी, असं कुणालाही वाटेल. पण विजेचा हिशेब कागदावर मांडला की लक्ष मोटरीवरून भलतीकडेच जातं. म्हणून सुरुवात हिशेबानंच करू.

हिशेब फोनच्या भिंगाचा

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर साधारण 6 मिलिमीटर धरू. दूरच्या डोंगरावर फोकस असतो तेव्हा भिंग सेन्सरपासून तेवढ्याच अंतरावर असतं. 1 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट यायचा असेल तर ते 0.036 मिलिमीटर पुढे सरकावं लागतं. 10 सेंटिमीटरवरच्या फुलासाठी 0.38 मिलिमीटर. डोंगरापासून फुलापर्यंतचा सगळा कारभार अर्ध्या मिलिमीटरच्या आत उरकतो.

नळकांड्यात बसवलेल्या त्या भिंगांचं वजन 0.2 ग्रॅम धरू. फोन आकाशाकडे रोखला आणि हे नळकांडं 0.38 मिलिमीटर वर उचललं, तर त्यासाठी सुमारे 0.75 मायक्रोज्यूल ऊर्जा लागते. एका ज्यूलचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भागही पुरता खर्च होत नाही. आता तिथं धरून ठेवण्याचा खर्च पाहा. कॉइलचा रोध 20 ओहम आणि तिच्यातला प्रवाह 50 मिलिअँपिअर असेल, तर 50 मिलिवॅट शक्ती निव्वळ उष्णता होऊन जाते. म्हणजे दर सेकंदाला 50,000 मायक्रोज्यूल. एकदा उचलायला जे लागलं त्याच्या साठ हजार पटींहून जास्त खर्च प्रत्येक सेकंदाला होतो, आणि तोही काहीच न हलवता.

भौतिकशास्त्राच्या व्याख्येनुसार वस्तू हलली नाही तर काम झालं नाही. भरलेली कळशी हात लांब करून धरणाऱ्याला हे सांगून पाहावं. कळशी जागची हलत नाही, पण दंड भरून येतात, घाम फुटतो. कॉइलची गत तीच. काम शून्य, उष्णता चालू. ॲक्चुएटर काटकसरी करायचा म्हणजे हे फुकटचं धरून ठेवणं कुणाच्या तरी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. त्या दुसऱ्याला वीज लागता कामा नये. स्प्रिंग, घर्षण, स्क्रू, चुंबक किंवा खुद्द गुरुत्वाकर्षण, यांतलं कोण ते ओझं उचलेल हे ठरवण्यातच या रचनेचं बरंचसं कौशल्य आहे.

जोर सरळ वाढतो, उष्णता वर्गानं

फोनमध्ये बहुतेक ठिकाणी वापरतात ती व्हॉइस कॉइल मोटर. लाउडस्पीकरचा पडदा ज्या रचनेनं थरथरतो तीच ही रचना. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवायचं आणि त्यातून प्रवाह सोडायचा. प्रवाह एका दिशेनं गेला तर वेटोळं पुढे ढकललं जातं, उलट गेला तर मागे. गिअर नाही, घासणारे भाग नाहीत, त्यामुळे हालचाल झटपट आणि गुळगुळीत होते.

हिच्यातली खोच अशी की जोर प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. दुप्पट जोर हवा असेल तर चौपट उष्णता पत्करावी लागते. म्हणून अशा मोटरी तोलताना अभियंते केवळ ‘किती न्यूटन’ असं विचारत नाहीत. एका वॅटच्या वर्गमुळामागे किती न्यूटन मिळतात हे ते विचारतात. हा आकडा वाढवण्याचे रस्ते मोजकेच आहेत. चुंबक जास्त ताकदीचा घ्यायचा, चुंबक आणि कॉइल यांच्यातली फट कमी करायची, किंवा तांबं वाढवायचं. 1980 च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि पहिला रस्ता बराच रुंद झाला. क्षेत्र दुप्पट झालं तर तेवढ्याच जोराला निम्मा प्रवाह पुरतो आणि उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. तांबं वाढवण्यात मात्र अडचण आहे. कॉइल हलत्या भागावर असेल तर तांब्यासोबत उचलायचं वजनही वाढतं. फट कमी करत गेलं तर फोन पडला की भाग एकमेकांना घासतात. मोटर सुधारून मिळणारा फायदा खरा आहे, पण तो लवकरच संपतो.

वर्गाचा हाच नियम उलटा वापरला तर मोठं घबाड हाती लागतं. लागणारा जोरच निम्मा केला तर उष्णता एक चतुर्थांश होते. जोर दहाव्या हिश्श्यावर आणला तर उष्णता शंभराव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे मोटरीपेक्षा तिच्यावरच्या ओझ्याकडे बघणं जास्त फायद्याचं ठरतं.

स्प्रिंग: आधारही, ओझंही

फोनच्या साध्या ऑटोफोकसमध्ये भिंगाचं नळकांडं पत्र्याच्या पातळ, नक्षीदार स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. स्प्रिंग त्याला वाकडंतिकडं होऊ देत नाही आणि प्रवाह थांबला की मूळ जागी आणते. हा आधार किती ताठर ठेवायचा यावर सगळं येऊन थांबतं.

टांगलेल्या भिंगाला टिचकी मारली तर ते सेकंदाला समजा 100 वेळा हिंदकळतं. या एकाच आकड्यावरून एक गोष्ट कळते. कॅमेरा समोर क्षितिजाकडे रोखलेला असताना जे भिंग मधोमध होतं ते फोन आकाशाकडे रोखल्यावर स्वतःच्या वजनानं सुमारे 25 मायक्रोमीटर खाली बसतं. वजन कितीही असो, स्वाभाविक कंपनं सेकंदाला 100 असली की हा झोल तेवढाच येतो. 25 मायक्रोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण 1 मीटरवरच्या चेहऱ्यासाठी भिंग 36 मायक्रोमीटर सरकतं हे वर आलंच आहे. टेबलावरच्या कागदाचा फोटो घ्यायला फोन खाली रोखला की प्रवाह न बदलताही फोकस अनंतावरून सुमारे दीड मीटरवर येऊन बसतो.

मग स्प्रिंग ताठर करावी का? ताठर केली तर झोल कमी होतो, पण भिंग पुढे ढकलायला जास्त जोर लागतो. आपल्या उदाहरणात 0.38 मिलिमीटर ताणायला भिंगाच्या वजनाच्या पंधरापट जोर लागतो. म्हणजे कॉइल भिंगाशी झगडतच नसते, तिची सगळी ताकद भिंगाला सांभाळणाऱ्या स्प्रिंगशी झगडण्यात जाते. स्प्रिंग मऊ केली तर वीज वाचते, पण भिंग लोंबू लागतं आणि प्रत्येक हालचालीनंतर स्थिर व्हायला वेळ घेतं.

यावर दोन तोडगे निघाले. पहिला तोडगा स्प्रिंगची विश्रांतीची जागा बदलण्याचा. जुन्या रचनेत विश्रांतीची जागा एका टोकाला असे, आणि भिंग खुळखुळू नये म्हणून स्प्रिंग थोडी आधीच दाबून ठेवलेली असे. त्यामुळे पहिला काही प्रवाह भिंग तसूभरही न हलवता वाया जाई. विश्रांतीची जागा मधोमध आणली आणि प्रवाह दोन्ही दिशांना सोडता येईल असं केलं, की दोन्ही टोकांना निम्माच ताण पडतो आणि जास्तीत जास्त उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. अर्थात मग दूरच्या दृश्यासाठीही थोडा प्रवाह लागतो. लोक फोटो बहुधा दूरचे काढतात की जवळचे, हा प्रश्न इथं थेट तारेच्या आणि स्प्रिंगच्या रचनेत शिरतो.

दुसरा तोडगा स्प्रिंगच काढून टाकण्याचा. भिंगाचं नळकांडं सिरॅमिकच्या इवल्या गोळ्यांवर घसरू द्यायचं. भिंग कुठं आहे हे हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजून सांगतो आणि नियंत्रक तेवढाच प्रवाह सोडतो. कॅमेरा समोर क्षितिजाकडे रोखलेला असेल तर आता घर्षणाशिवाय विरोध करणारं कुणी उरत नाही, आणि तो थेट वर किंवा खाली रोखला तरी सुमारे 2 मिलिन्यूटनचं वजन तेवढं पेलायचं राहतं. सुरुवातीला उल्लेखलेली खुळखुळ या काटकसरीतून येते. वीज नसताना भिंगाला मध्यावर ओढून नेणारं तिथं काही नसतं.

एका भिंगाला अनेक दिशा

आतापर्यंत भिंग पुढेमागेच होत होतं. हाताची थरथर पुसायची तर ते डावीउजवीकडे आणि वरखालीही न्यावं लागतं. फोन 1 अंशानं कलला तर 6 मिलिमीटर नाभीय अंतराच्या कॅमेऱ्यात प्रतिमा सुमारे 0.1 मिलिमीटर सरकते. जायरोस्कोप हा कल मोजतो आणि भिंग तेवढंच सरकवून प्रतिमा जागेवर आणली जाते. कॅननची 1995 ची 75-300 मिलिमीटरची लेन्स ही एसएलआर कॅमेऱ्यासाठीची अशी पहिली लेन्स. फोनमध्ये ही सोय 2012 मध्ये नोकियाच्या ल्युमिया 920 नं गाजवली.

अनेक दिशांची हालचाल साधण्याचा सरधोपट मार्ग म्हणजे एकावर एक मजले चढवणं. खालची मोटर डावीउजवीकडे नेणार, तिच्यावर बसलेली दुसरी वरखाली, तिच्यावरची तिसरी पुढेमागे. प्रयोगशाळेच्या टेबलावर हे चालतं. पण तळमजल्यावरच्या मोटरीला भिंगासोबत वरच्या दोन्ही मोटरींचं वजनही वाहावं लागतं, आणि वाढत्या जोराची उष्णता वर्गानं वाढते हे आपण पाहिलंच. काटकसरीची रचना सगळ्या मोटरी एकाच पातळीवर ठेवते आणि हलता भाग एकच ठेवते.

याचा नमुना 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडी प्लेअरमध्ये पाहायला मिळतो. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर. लेसरचा ठिपका रेघेवर राहायला हवा आणि फोकस साधारण 2 मायक्रोमीटरच्या आत टिकायला हवा. तबकडी मात्र फिरताना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वरखाली डुलू शकते. तिथलं इवलं भिंग चार समांतर तारांच्या टोकाला टांगलेलं असतं. तार लांबीच्या दिशेनं ताणली जात नाही, पण आडवी सहज वाकते. त्यामुळे भिंग वरखाली आणि डावीउजवीकडे मोकळं असतं, आणि नको असलेल्या दिशेला आपोआप बांधलेलं. भिंगाच्या चौकटीवर दोन कॉइल, एक फोकससाठी, एक रेघेवर राहण्यासाठी. दोन कॉइलींना वीज न्यायला चार टोकं लागतात, आणि ती वीज याच चार तारांतून जाते. तारा हाच आधार, त्याच स्प्रिंगा आणि विजेच्या वायरीही त्याच. फोनमधल्या थरथर पुसणाऱ्या अनेक यंत्रणांनीही चार तारांची हीच युक्ती उचलली.

सीडी प्लेअरमध्ये आणखी एक शहाणपण आहे. तबकडीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचा लांबचा प्रवास हे भिंग स्वतः करत नाही. त्यासाठी गिअरवर सरकणारी वेगळी गाडी असते. ती हळूहळू पुढे जाते आणि थांबली की गिअर तिला जागेवर धरतो. चपळ कॉइलीला उरतो तो फक्त शेवटचा अंश. लांबचं अंतर संथ यंत्राकडे आणि चपळाई हलक्या यंत्राकडे, ही वाटणी पुढे मोठमोठ्या दुर्बिणींमध्येही भेटते.

किती दिशा मोकळ्या ठेवायच्या हेही नीट ठरवावं लागतं. भिंग गोल आणि सममित असतं. ते स्वतःभोवती फिरवलं तरी प्रतिमा फिरत नाही. त्यामुळे फोन घड्याळाच्या काट्यासारखा डुलला तर त्यावर भिंगाकडे इलाज नाही. तिथं सेन्सर फिरवावा लागतो. फोनमधली भिंगं मोठी होत गेली तसा सेन्सर सरकवणं हाच हलका पर्याय ठरू लागला. ॲपलनं 2020 च्या आयफोन 12 प्रो मॅक्समध्ये तो घेतला. पण सेन्सरला डझनावारी विद्युतजोडण्या असतात, आणि त्या लवचीक पट्ट्या पुन्हा स्प्रिंगसारख्याच अडवू लागतात. एका बाजूला वाचवलेलं ओझं दुसऱ्या दारानं आत येतं.

वीज बंद, जागा कायम

धरून ठेवण्याचा खर्च शून्यावर आणणाऱ्या ॲक्चुएटरांचं वेगळंच घराणं आहे. त्यातला एक प्रकार पिझो स्फटिकांचा. या पदार्थाला व्होल्टेज दिलं की तो किंचित लांब होतो. वाढ फारच थोडी, लांबीच्या हजाराव्या भागाएवढी. 10 मिलिमीटरच्या ठोकळ्याला 10 मायक्रोमीटर मिळतात. पण विजेच्या दृष्टीनं हा ठोकळा कपॅसिटर असतो. एकदा भार भरला की स्थिर राहायला प्रवाह जवळजवळ लागत नाही. लांबचा पल्ला हवा असेल तर या स्फटिकांच्या अतिजलद कंपनांनी एखादी कडी घर्षणाच्या जोरावर पुढे ढकलतात. कॅननच्या 1987 च्या 300 मिलिमीटर लेन्समध्ये फोकससाठी अशी कंकणाकृती अल्ट्रासॉनिक मोटर होती. वीज बंद केली की तेच घर्षण ब्रेक होतं आणि भिंग जागेवर राहतं.

दुसरा प्रकार स्थिरविद्युत आकर्षणाचा. सिनेमागृहातल्या अनेक डिजिटल प्रोजेक्टरांमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असते. तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात. लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये ही रचना शोधली. प्रत्येक आरसा एका बिजागरीवर दोनच स्थितींत कलतो. इकडे कलला तर प्रकाश पडद्यावर, तिकडे कलला तर बाजूला. आरशाला धरून ठेवतं ते विद्युतभाराचं आकर्षण, त्यामुळे धरून ठेवायला प्रवाह वाहावा लागत नाही. पडद्यावर राखाडी छटा आणायच्या तर आरसा अर्धवट न झुकवता सेकंदात हजारो वेळा इकडून तिकडे उलटवतात. मधल्या जागा नाकारल्यामुळे ही काटकसर जमते.

निकेल-टायटॅनियमच्या तारांची, म्हणजे नायटिनॉलची, वाट या दोहोंपेक्षा वेगळी. तापली की तार आखडते आणि आपल्या जाडीच्या मानानं प्रचंड जोरानं भिंग ओढते. चुंबक लागत नाहीत, जागा कमी लागते. पण धरून ठेवायला तार तापलेलीच ठेवावी लागते आणि उलट जायला ती निवण्याची वाट पाहावी लागते. कमी जागा आणि कमी वीज या दोन गोष्टी प्रत्येक वेळी हातात हात घालून येत नाहीत, हे या तारा दाखवून देतात.

वेब दुर्बिणीची संथ चाल

विजेपेक्षा उष्णता महाग असते अशीही ठिकाणं आहेत. 25 डिसेंबर 2021 ला अंतराळात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा 6.5 मीटरचा आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा आहे. ही दुर्बीण अवरक्त प्रकाश टिपते. उबदार वस्तू स्वतःच अवरक्त प्रकाश फेकते, म्हणून आरसे उणे 230 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. अशा आरशाला टेकून तापणारी मोटर बसवणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यात धूर घालणं.

प्रत्येक तुकड्यामागे सहा ॲक्चुएटर तिरप्या पायांसारखे लावलेले आहेत. सहा पायांची लांबी कमीजास्त केली की तुकडा तिन्ही दिशांना सरकतो आणि तिन्ही अक्षांभोवती कलतो. 1950 च्या दशकात एरिक गॉफ यांनी टायर तपासायच्या यंत्रासाठी केलेल्या रचनेचा हा वंशज. सातवा ॲक्चुएटर मधोमध असतो, तो आरशाची वक्रता किंचित बदलतो. अठरा तुकड्यांचे 126 आणि दुय्यम आरशाचे 6, असे एकूण 132.

यातल्या प्रत्येकात स्टेपर मोटर आणि गिअर आहेत. काही मिलिमीटरांचा पल्लाही त्याला जमतो आणि 10 नॅनोमीटरच्या आतलं पाऊलही. मोटर थांबली की यांत्रिक रचना आरशाला तिथंच धरते, वीज लागत नाही. पण मोटर चालताना होणारी थोडीशी उष्णताही तिथं नको असते. म्हणून एका वेळी एकच ॲक्चुएटर हलवायचा आणि तोही थोडाच वेळ, असा नियम पाळला गेला. उड्डाणासाठी आरशाचे तुकडे मागे टेकवून ठेवलेले होते. जानेवारी 2022 मध्ये ते 12.5 मिलिमीटर पुढे आणायचे होते. पूर्ण वेगानंही दिवसाला साधारण 1 मिलिमीटर एवढीच मजल होती. तुकडे एकमेकांशी जुळले की मग महत्त्वाचं काम गप्प बसण्याचंच. आरशांची मांडणी नियमित तपासतात आणि गरज पडली तरच ॲक्चुएटर जागे करतात.

वारा आला की गणित बदलतं

जमिनीवरच्या दुर्बिणींना ही संथ चाल परवडत नाही. हवाईतल्या केक दुर्बिणीचा 10 मीटरचा आरसा 36 तुकड्यांचा आहे आणि प्रत्येकामागे तीन, असे 108 ॲक्चुएटर आहेत. स्क्रूवर चालणारे हे ॲक्चुएटर थांबले की घट्ट राहतात. नियोजित थर्टी मीटर टेलिस्कोपमध्ये तुकडे 492 आणि ॲक्चुएटर 1476. आरसा इतका मोठा झाला की वारा आणि यंत्रांची कंपनं त्याला सतत थरथरवतात. घट्ट धरणारा स्क्रू ही थरथर शोषत नाही. त्यामुळे इथं चपळ व्हॉइस कॉइल निवडली गेली.

पण व्हॉइस कॉइल आली की कळशीचा प्रश्न परत आला. दुर्बीण ताऱ्यामागे कलत जाते तसा प्रत्येक ॲक्चुएटरवरचा भार बदलतो. तो सगळा कॉइलीनं पेलला तर दीड हजार कॉइली रात्रभर तापत राहतील. दुर्बिणीपाशी विजेच्या बिलापेक्षा ती ऊबच नडते. आरशाजवळची हवा तापली की लहरते आणि ताऱ्याची प्रतिमा फिसकटते. म्हणून प्रत्येक ॲक्चुएटरमध्ये एक स्प्रिंग आणि तिचा ताण बदलणारी छोटी मोटर घालण्यात आली. आकाश तासाला 15 अंशच फिरतं, म्हणजे वजनाचा बदल अगदी संथ असतो. तो स्प्रिंग उचलते. कॉइलीकडे वाऱ्याची थरथर तेवढी उरते. सीडीतली गाडी आणि भिंग यांच्यातली वाटणी इथं वजनाच्या बाबतीत झाली.

या प्रकल्पातल्या भारताच्या सहभागात बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज या संस्था आहेत, आणि भारताच्या वाट्याच्या कामात हे ॲक्चुएटर येतात. दुर्बिणीची जागा आणि पैसा यांचे प्रश्न लांबले आहेत, पण ॲक्चुएटरची ही रचना त्यांच्यासाठी थांबलेली नाही.

औंढ्याजवळ टांगले जाणारे आरसे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी 4 किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना आरसे, अशी ही वेधशाळा. अमेरिकेतल्या लायगोमध्ये असा प्रत्येक आरसा 40 किलो वजनाचा, 34 सेंटिमीटर व्यासाचा, शुद्ध काचेचा ठोकळा आहे. त्याला पुढेमागेही नेता यायला हवं आणि दोन दिशांना कलवताही यायला हवं, तेही अणूच्या आकाराहून कितीतरी सूक्ष्म मापात. शिवाय त्याला जमिनीची थरथर लागू द्यायची नाही.

40 किलो म्हणजे जवळजवळ 400 न्यूटनचं वजन. ते कुठलाही ॲक्चुएटर उचलत नाही. आरसा काचेच्या चार तंतूंवर टांगलेला असतो, प्रत्येक तंतूची जाडी 0.4 मिलिमीटर. त्याच्या वर आणखी तीन वजनं साखळीसारखी टांगलेली असतात, असा चौपदरी लंबक होतो. टांगलेल्या वस्तूचं वजन दोरी पेलते. तिला आडवी सरकवायला लागणारा जोर मात्र अगदीच थोडा असतो, आणि ॲक्चुएटरला तेवढाच द्यायचा असतो.

तो जोरही पायऱ्यापायऱ्यांनी दिला जातो. वरच्या वजनांवर चुंबक आणि कॉइली आहेत, मोठे आणि संथ फरक त्या सांभाळतात. पहिल्या पिढीतल्या लायगोमध्ये खुद्द आरशाच्या पाठीलाही बारीक चुंबक चिकटवलेले होते. पण चुंबक आला की आसपासच्या चुंबकीय क्षेत्रांची कुजबुज आरशापर्यंत पोचते. नव्या रचनेत आरशावर काहीच चिकटवलेलं नाही. त्याच्या मागे तसंच दुसरं वजन टांगलेलं आहे आणि त्याच्या तोंडावर सोन्याचे पातळ विद्युतपट्टे चार चतकोरांत मांडलेले आहेत. चारही चतकोरांना सारखं व्होल्टेज दिलं की आरसा सरळ मागे ओढला जातो. वरच्या दोनांना जास्त दिलं की तो वरखाली कलतो, डाव्या दोनांना जास्त दिलं की आडवा वळतो. चार पट्टे, तीन हालचाली, स्पर्श कुठंच नाही. त्यांचा जास्तीत जास्त जोर एका मिलिन्यूटनपेक्षाही कमी आहे. ज्या आरशाला ते हलवतात त्याचं वजन या जोराच्या चार लाख पटींहून जास्त आहे, आणि हा जोर पुरतो.

मोटर शेवटी

या सगळ्या उदाहरणांतून रचनाकाराच्या प्रश्नांचा एक क्रम दिसतो. वजन कोण पेलणार? वस्तू किती वेळ हलणार आणि किती वेळ थांबणार? लांबचा पल्ला आणि चपळाई यांची वाटणी होईल का? कुठल्या दिशा मोकळ्या हव्यात आणि कुठल्या बांधून टाकता येतील? यांची उत्तरं एकमेकांशी भांडतात. घट्ट धरणारा स्क्रू वीज खात नाही, पण वाऱ्यापुढे तो हतबल असतो. मऊ स्प्रिंग वीज वाचवते, पण भिंग डुलत ठेवते. घर्षणाचा ब्रेक फुकट मिळतो, पण घर्षणानं भाग झिजतात. वेबसाठी जे उत्तर बरोबर ते थर्टी मीटर टेलिस्कोपसाठी चूक ठरलं, कारण एकीकडे वारा नव्हता आणि दुसरीकडे तो रात्रभर होता.

फोनमध्ये ही भांडणं आता वाढतच जाणार आहेत. सेन्सर मोठे होताहेत, त्यांच्यासोबत भिंगंही. भिंगाचं वजन दुप्पट झालं तर त्याच मोटरीला त्याच पद्धतीनं ते पेलताना चौपट तापावं लागेल. चुंबकांची ताकद काही दर दोन वर्षांनी दुप्पट होत नाही. म्हणून सुटका मोटरीच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. गोळ्यांवर घसरणारं भिंग, सेन्सर सरकवणं, काम झालं की अडकून बसणारी खिट्टी अशा गोष्टींमधूनच ती येईल. मोटर निवडायची वेळ येते तोवर विजेचा बराचसा निकाल लागलेला असतो.